गट वेगळा, तरी दाता चालतो तो कसा?

व्हॉट्सॲपवर दर काही महिन्यांनी एक मेसेज फिरत येतो. लहान मुलाचा फोटो, खाली लाखांतला आकडा, आणि मग ओळ: 'बी पॉझिटिव्ह बोन मॅरो दाता तातडीने हवा.' मी रक्तपेढीत टेक्निशियन म्हणून २८ वर्षं काढली. हा मेसेज दिसला की माझा हात कपाळाला जातो. पाठवणाऱ्याची तळमळ खरी असते, पण त्याने मागितलेलं चुकलेलं असतं. बोन मॅरोचा दाता शोधताना रक्तगट पहिल्या फेरीत कोणी विचारतच नाही.

हे सांगितलं की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. गेल्या पावसात आमच्या वाडीतली एक वयनी संध्याकाळी पडवीत येऊन बसली. कुडाळपासून आमची वाडी फार लांब नाही, पण मोठ्या आजाराला मुंबई नाहीतर गोवा गाठायचं, ही इथली रीत. तिचा १९ वर्षांचा मुलगा ॲप्लास्टिक ॲनिमियाने आजारी. या आजारात हाडांतली रक्त तयार करणारी यंत्रणाच थंड पडते. मुंबईच्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांच्या तपासण्या केल्या आणि थोरली बहीण दाता म्हणून जुळते असं सांगितलं. मुलगा ए पॉझिटिव्ह, बहीण ओ पॉझिटिव्ह.

"गट जुळणा नाय, तरी डॉक्टर व्हय म्हणतत. भावोजी, ह्यां कसां?"

तिच्या सासऱ्यांनी तर घरात बजावून ठेवलं होतं, "चुकीचा रगात चढला तर माणूस जाता. ह्यां शेंबड्या पोराक पण ठावक आसा."

म्हातारबाबांचं म्हणणं रक्त चढवण्याबद्दल शंभर टक्के खरं होतं. बहिणीकडून भावाला द्यायची होती ती वस्तू मात्र वेगळी होती. त्या संध्याकाळी पडवीत जे सांगितलं, तेच जरा सविस्तर इथे लिहितो.

मचव्यावरचं निशाण

रक्तातली लाल पेशी म्हणजे एक छोटा मचवा समजा. फुप्फुसात प्राणवायू भरायचा, अंगभर उतरवायचा, रिकामं परत यायचं. असे फेरे मारत ती सुमारे १२० दिवस टिकते आणि मग मोडीत निघते. या मचव्याच्या अंगावर साखरेच्या रेणूंची बारीक निशाणं असतात. कोणाच्या मचव्यांवर ए निशाण, कोणाच्या बी, कोणाच्या दोन्ही, तर कोणाच्या मचव्यांवर दोन्हींपैकी एकही नाही. ते झाले ए, बी, एबी आणि ओ हे गट. पुस्तकात या निशाणाला प्रतिजन म्हणतात. मी पुढे निशाणच म्हणेन.

रक्ताचा पातळ, पिवळसर भाग म्हणजे प्लाझ्मा. त्यात पहारेकरी फिरत असतात. त्यांचं पुस्तकी नाव प्रतिपिंड. आपल्याकडे नसलेलं निशाण दिसलं की हे त्या मचव्याला जाऊन चिकटतात आणि तो फोडवतात. ए गटाच्या माणसाकडे बीविरुद्धचा पहारा, बी गटाकडे एविरुद्धचा, ओ गटाकडे दोन्हींविरुद्ध, आणि एबी गटाकडे कोणाविरुद्धच नाही. हा पहारा बसायला परकं रक्त अंगात जावं लागत नाही. आतड्यातल्या कित्येक जिवाणूंच्या अंगावर अशाच साखरा असतात. बाळ काही महिन्यांचं झालं की शरीर त्यांना बघून पहारा बसवतं. म्हणूनच पहिल्याच चुकीच्या पिशवीला शरीर उसळून उठतं. हे कोडं १९०१ च्या सुमारास व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी सोडवलं आणि १९३० साली त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. त्याआधी माणसाचं रक्त माणसाला देणं हा निव्वळ जुगार होता.

पॉझिटिव्ह-निगेटिव्ह हे आणखी एक वेगळं निशाण, आरएच नावाचं. त्याच्याविरुद्धचा पहारा आपोआप बसत नाही, परकं रक्त किंवा गरोदरपण आल्यावरच बसू शकतो. प्रत्यारोपणात त्याचा त्रास ए-बीपेक्षा कमी, म्हणून ते इथेच सोडतो.

गोदी आणि सुतार

मचवे बांधले जातात कुठे? हाडांच्या पोकळीत, मॅरोत. ती शरीराची गोदी. विजयदुर्गजवळ वाघोटनच्या खाडीत मराठ्यांच्या आरमाराची गोदी होती, तिचे अवशेष ज्यांनी पाहिलेत त्यांना चित्र डोळ्यांसमोर येईल. फरक इतकाच की आपल्या आतल्या गोदीतून सेकंदाला सुमारे २० लाख नव्या लाल पेशी पाण्यात उतरतात.

या गोदीतले मूळ सुतार म्हणजे स्टेम सेल, मराठीत मूलपेशी. तेच लाल पेशी घडवतात, तेच रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि तेच रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट. ॲप्लास्टिक ॲनिमियात सुतारच उरत नाहीत. थॅलेसेमिया आणि सिकलसेलमध्ये सुतार आहेत, पण त्यांच्याकडचा नकाशा चुकीचा. रक्ताच्या कॅन्सरमध्ये गोदीवर गुंडांचा ताबा. उपाय प्रत्येक वेळी तोच: औषधांनी, कधी किरणांनी, जुनी गोदी मोकळी करायची आणि दुसऱ्याचे सुतार आणून बसवायचे.

वयनीच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे. निशाण लागतं ते मचव्यावर, तो घडत असताना. सुताराच्या अंगावर ए-बीची निशाणं नसतात म्हटलं तरी चालेल. त्यामुळे ए गटाचा पहारेकरी ओ गटाच्या सुताराला अडवत नाही, आणि ओ गटाचा पहारेकरी ए गटाच्या सुतारालाही अडवत नाही. त्याला ओळखायला काही खूणच नाही.

जाता जाता एक: 'पाठीच्या कण्यातून पाणी काढतात' ही भीती आपल्याकडे घट्ट बसलेली आहे. मॅरो काढतात तो कमरेच्या मागच्या हाडातून, भूल देऊन. दुसऱ्या पद्धतीत दात्याला चार-पाच दिवस इंजेक्शनं देतात, सुतार गोदीतून रक्तात उतरतात, आणि मग प्लेटलेट दानासारख्या यंत्रातून काही तासांत ते वेगळे करून घेतात. पाठीच्या कण्याला दोन्हींत कोणी हात लावत नाही.

मग जुळायला काय लागतं?

जुळावं लागतं ते एचएलए. शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असलेलं हे ओळखपत्र. नवे सुतार येतात तेव्हा त्यांच्या हातून पुढे पांढऱ्या पेशींची फौजही उभी राहते. या फौजेला गावातल्या माणसांची ओळखपत्रं परकी वाटली तर ती कातडी, यकृत, आतडी यांच्यावरच चालून जाते. ही प्रत्यारोपणातली सर्वांत मोठी धास्ती. डॉक्टर '१० पैकी १०' जुळलं म्हणतात तेव्हा ते एचएलएच्या पाच जागांबद्दल बोलत असतात, प्रत्येक जागेची एक प्रत आईची आणि एक बापाची. लग्नाच्या पत्रिकेत छत्तीस गुण बघतात, इथे दहा. पत्रिकेवर माझा विश्वास नाही, या दहांवर आहे.

आता प्रश्न, एचएलए जुळतं आणि रक्तगट जुळत नाही असं सख्ख्या भावंडांत होतं तरी कसं? आमच्याकडच्या वाटणीसारखं बघा. बापाचं घर एका चिठ्ठीने वाटलं, आमराई दुसऱ्या चिठ्ठीने. घराची चिठ्ठी कोणाला लागली यावरून आमराईचं काही ठरत नाही. एचएलएची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर आहेत, ए-बी-ओचं जनुक नवव्यावर. दोन वेगळ्या चिठ्ठ्या. सख्ख्या भावंडाशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता दर चौघांत एक, आणि गट जुळणं त्याहून वेगळा हिशेब. म्हणूनच जगभर होणाऱ्या अशा दर दहा प्रत्यारोपणांपैकी साधारण तीन ते पाचांत दात्याचा आणि रुग्णाचा रक्तगट वेगळा असतो. वयनीला हे ऐकून खरा धीर आला. तिला वाटत होतं आपल्याच पोरावर काहीतरी प्रयोग चाललाय.

'पण किडनीला तर गट बघतात!'

हा प्रश्न म्हातारबाबांनी पाठवला होता, नातवाच्या तोंडून. प्रश्न पक्का आहे. किडनीच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर ए-बीची निशाणं असतात. चुकीच्या गटाची किडनी जोडली की पहारेकरी थेट त्या अस्तराला चिकटतात आणि किडनी तासा-दिवसांत निकामी होऊ शकते. म्हणून तिथे गट जुळवावा लागतो, किंवा आधी पहारेकरी गाळून काढायची वेगळी तयारी करावी लागते. किडनी म्हणजे निशाणासकट बांधून तयार जहाज. मॅरोत आपण सुतार पाठवतो.

मग काहीच धोका नाही?

आहे. कारण पिशवीत सुतार एकटे येत नाहीत. त्यांच्याबरोबर दात्याचे काही तयार मचवे येतात, दात्याचे पहारेकरी येतात आणि पहारेकरी तयार करणाऱ्या काही पेशीही येतात. रक्तगट वेगळा असल्याचा सगळा जमाखर्च या सोबत आलेल्या मंडळींचा आहे. तो कोणत्या दिशेने वाहतो त्यावर त्याची तीन नावं पडतात.

पहिला प्रकार, मोठा फरक. रुग्ण ओ, दाता ए. रुग्णाच्या अंगात एविरुद्धचा पहारा हजर, आणि पिशवीत ए निशाणाचे मचवे. तशीच पिशवी लावली तर ते मचवे शिरेतच फुटतील: थंडी वाजून ताप, कमरेत कळा, लघवी लाल, किडनीवर ताण. हाडातून काढलेला मॅरो मोठ्यांच्या बाबतीत लिटरच्या आसपास भरतो आणि त्यात लाल पेशी भरपूर असतात. म्हणून प्रयोगशाळेत त्यातल्या लाल पेशी आधी काढून टाकतात. यंत्राने रक्तातून गोळा केलेल्या पिशवीत त्या मुळातच थोड्या असतात. रुग्णाच्या पहारेकऱ्यांची संख्याही मोजतात. फार जास्त असेल तर प्लाझ्मा बदलून ती उतरवता येते.

हा झाला पहिल्या दिवसाचा धोका. दुसरा त्याच्या मागून, गुपचूप येतो. औषधांनी जुने सुतार गेले तरी पहारेकरी तयार करणारे काही जुने कारखाने चिवट असतात, ते कित्येक आठवडे, कधी महिने मागे राहतात. त्यांना गोदीचा मालक बदलल्याची खबरच नसते. नवे सुतार ए निशाणाचा मचवा पाण्यात सोडायला जातात आणि उतरणीवरच तो फुटतो. पांढऱ्या पेशी वाढतात, प्लेटलेट वाढतात, हिमोग्लोबिन मात्र हलत नाही. घरच्यांना वाटतं प्रत्यारोपण फसलं. बहुतेक वेळा ते फसलेलं नसतं, जुना पहारा उठायचा बाकी असतो. तोवर रक्त देत राहायचं, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं हळूहळू उतरवायची. फारच लांबलं तर पहारेकऱ्यांच्या कारखान्यांवर चालणारी औषधंही आता आहेत. मात्र पिशव्यांमागून पिशव्या चढल्या की अंगात लोह साठत जातं, त्याचा निचरा नंतर करावा लागतो. धीर धरण्याचा हा काळ मी नातेवाइकांच्या चेहऱ्यांवर पाहिलेला आहे. रक्तपेढीच्या खिडकीशी तीच माणसं आठवड्यामागून आठवडे येत राहतात.

दुसरा प्रकार, छोटा फरक. वयनीच्या घरचा. रुग्ण ए, दाता ओ. इथे दात्याच्या मचव्यांवर निशाणच नाही, त्यांना रुग्णाचे पहारेकरी काही करत नाहीत. पण दात्याच्या प्लाझ्मात एविरुद्धचे पहारेकरी आहेत आणि रुग्णाचे स्वतःचे उरलेले सगळे मचवे ए निशाणाचे. उपाय सोपा: पिशवी यंत्रात गरगर फिरवून वरचा प्लाझ्मा काढून टाकायचा. मात्र सोबत आलेल्या पेशी काढून टाकता येत नाहीत, कारण त्या सुतारांमध्येच मिसळलेल्या असतात. या पेशी नव्या गावात आठवडाभर रुळतात, आजूबाजूला जिकडेतिकडे ए निशाण बघतात आणि नवा पहारा तयार करतात. त्यामुळे साधारण पाचव्या ते पंधराव्या दिवसाच्या दरम्यान हिमोग्लोबिन एकाएकी कोसळू शकतं, डोळे पिवळे होऊ शकतात. सगळ्यांना होत नाही. पण त्या दहा-बारा दिवसांत डॉक्टर रोज रक्त का काढतात, असं कोणी वैतागून विचारलं तर त्याचं एक कारण हे. म्हणजे नाव छोटा फरक आणि एखादेवेळी ताप मोठा. ही नावं ठेवणाऱ्याला माझा सलाम.

तिसरा, दुहेरी फरक. रुग्ण ए, दाता बी, किंवा उलट. दोन्हीकडून पहारेकरी, म्हणून वरची दोन्ही कामं करायची. लाल पेशीही काढा, प्लाझ्माही काढा.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. फरक आधी माहीत असतो. तो लपून वार करत नाही, त्यामुळे त्याची तयारी करता येते.

'त्यापेक्षा गट जुळणारा दाता मिळेपर्यंत थांबलो तर?'

वयनीच्या दिराचा प्रश्न. मुंबईत नोकरी, सगळं गुगल करून बसलेला.

एचएलए सारखंच जुळणारे दोन दाते समोर असतील तर डॉक्टर गटही बघतात, वयही बघतात. तरुण दाता बरा, गट जुळणारा बरा. पण जुळणारी बहीण घरात असताना केवळ गटासाठी बाहेर शोधायला निघणं म्हणजे पिकलेला आंबा टाकून मोहोर धरायची वाट बघणं. नात्याबाहेर एचएलए जुळणारा माणूस हजारांत, कधी लाखांत एखादा सापडतो. दात्री यांसारख्या मॅरो दात्यांच्या नोंदवह्यांत नाव घालायला गालाच्या आतून कापसाच्या बोळ्याने नमुना देतात, एवढं ते सोपं आहे. तरी आपल्या लोकांच्या नोंदी लोकसंख्येच्या मानाने फारच थोड्या. अर्धंच जुळणारे आईवडील किंवा भावंडंही आता चालतात, पण पूर्ण जुळणारं भावंड असेल तर आजही पहिली पसंती त्यालाच. ॲप्लास्टिक ॲनिमियात थांबण्याची किंमतही असते. प्रत्येक महिन्याला जंतुसंसर्गाची भीती आणि पिशव्यांची भर.

आणि निकाल? मोठ्या संख्येच्या अभ्यासांत रक्तगट वेगळा असल्यामुळे जगण्याच्या शक्यतेवर फरक पडलेला दिसत नाही, किंवा दिसला तर थोडाच. रक्त जास्त लागतं, हिमोग्लोबिन उशिरा वर येतं, हा त्रास खरा.

खुंट रायवळ, फळ हापूस

आता त्या संध्याकाळी सगळ्यांत जास्त चर्चा झालेला भाग. नवे सुतार बसले की ते त्यांच्याच नकाशाने मचवे बांधणार. बहीण ओ गटाची, म्हणून भावाचे नवे मचवे ओ गटाचे. जुने ए निशाणाचे आणि मधल्या काळात बाहेरून चढवलेले, दोन्ही हळूहळू मोडीत निघतात. तीन-चार महिन्यांत, कधी त्याहून उशिरा, तपासणीत भावाचा गट ओ येऊ लागतो. जन्मभराचा रक्तगट बदलतो.

"म्हंजे कलमच की!" वयनी म्हणाली.

मी २८ वर्षं याहून चांगली उपमा शोधू शकलो नव्हतो. रायवळ आंब्याच्या रोपाचा खुंट, त्यावर हापूसची काडी. वर लागणारं प्रत्येक फळ हापूस, पण जोडाच्या खाली मुळापर्यंत झाड रायवळच राहतं. तसंच इथे. रक्त बहिणीच्या गटाचं, पण कातडी, यकृत, रक्तवाहिन्यांचं अस्तर हे सगळं मुलाचं स्वतःचं, म्हणजे अजूनही ए निशाण मिरवणारं. याचा एक नाजूक परिणाम आहे. खऱ्या ओ माणसाकडे एविरुद्धचा पहारा असतो, या मुलाकडे तो सहसा तयार होत नाही. नवी फौज ज्या गावात राहते तिथे भिंतीभिंतीवर ए निशाण आहे, म्हणून ती त्याला आपलंच मानायला शिकते.

रक्तपेढीत आम्ही गट दोन बाजूंनी तपासतो. एकदा मचव्यांवरची निशाणं बघून आणि एकदा प्लाझ्मातला पहारा बघून. दोन्ही उत्तरं जुळली तरच गट लिहायचा. प्रत्यारोपण झालेल्याचं रक्त आलं की हमखास घोटाळा. निशाणं सांगतात ओ, पहारा सांगतो ए. किंवा परीक्षानळीत काही पेशींच्या गाठी आणि काही मोकळ्या, असं मिश्र चित्र. नवखा टेक्निशियन नमुना बदलला असं समजून पुन्हा रक्त मागवतो. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं. तिसऱ्यांदा सुई घेऊन गेलो तेव्हा त्या रुग्णाच्या आईने सहज सांगितलं, "ह्याचो मॅरो बदललो आसा." फॉर्मवर ते कोणी लिहिलंच नव्हतं.

खुंटाला खालून फुटवा आला तर बागायतदार तो लगेच खुडतो, नाहीतर रायवळ हापूसला दाबतो. डॉक्टरही ठरावीक दिवसांनी रक्तात दात्याच्या किती पेशी आणि रुग्णाच्या किती, हे डीएनएवरून मोजतात. बहीण दाता असेल तर भावाच्या रक्तपेशींत बाईची गुणसूत्रं सापडतात. याने स्वभाव बदलत नाही, हे मला वयनीला दोनदा सांगावं लागलं. बहीण जरा तापट आहे.

मधल्या काळात कुठलं रक्त चढवायचं?

नियम एका वाक्याचा: लाल पेशी अशा द्यायच्या की जुन्या-नव्या दोन्ही गटांना चालतील, आणि प्लाझ्मा असा की दोन्ही गटांना चालेल. लाल पेशींसाठी बहुतेक वेळा ओ. प्लाझ्मा आणि प्लेटलेटसाठी गणित उलटं. वयनीच्या मुलाला ए किंवा एबीचा प्लाझ्मा चालतो. ओचा नको, कारण त्यात एविरुद्धचा पहारा ठासून भरलेला. म्हणजे एकाच मुलाला एकाच दिवशी ओची लाल पिशवी आणि एची पिवळी पिशवी लागू शकते. नातेवाईक दोन पिशव्यांवरची दोन अक्षरं बघून भांडायला उठतात. त्यांची चूक नाही, त्यांना कोणी समजावलेलं नसतं.

आपल्याकडचा एक अवघड पाहुणा

कोकणात हा विषय लिहायचा आणि बॉम्बे गट सोडायचा हे शक्य नाही. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं जे तपासणीत ओ दिसे, पण ओची पिशवीही त्याला चालेना. कारण ए आणि बी ही निशाणं ज्या काठीवर लागतात ती काठीच, एच नावाची, या लोकांत नसते. ओ गटाकडे निशाण नसलं तरी काठी असते. बॉम्बे गटवाल्यांकडे काठीविरुद्धही पहारा असतो, म्हणून त्यांना ए, बी, एबी, ओ यांतलं काहीच चालत नाही. भारतात साधारण दहा हजारांत एक, युरोपात त्याहून कितीतरी दुर्मीळ.

आता कल्पना करा, बॉम्बे गटाच्या माणसाला मॅरो लागला. एचएलए जुळणारा भाऊ ओ गटाचा. सगळ्या जगाला चालणारा ओ इथे मोठा फरक ठरतो. तरी वाट बंद नाही, हिशेब तोच: लाल पेशी काढा, पहारा मोजा, उतरवा. पण मधल्या काळात चढवायच्या लाल पेशी बॉम्बे गटाच्याच हव्यात, आणि त्या आधी जमवून ठेवल्याशिवाय सुरुवात करता येत नाही. लहान रक्तपेढीत निशाणं बघून घाईने ओ लिहिला आणि पहारा तपासलाच नाही, तर बॉम्बे गट निसटतो. आमच्या धंद्यातला आळस इथे जिवावर बेततो.

गावी परतल्यावर

भारतातलं असं पहिलं प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात झालं, आणि आज त्याच संस्थेचा प्रत्यारोपण विभाग खारघरला, म्हणजे रायगड जिल्ह्यात, आहे. अशा मोठ्या केंद्रांत गटाच्या फरकाला कोणी बिचकत नाही. माझी काळजी वेगळी आहे. मुलगा बरा होऊन रेल्वेने कुडाळला उतरतो. सहा महिन्यांनी पावसात बाइक घसरते. शुद्ध हरपलेली. खिशात लायसन्स, त्यावर छापलेला गट ए पॉझिटिव्ह.

समोरचा डॉक्टर तेवढंच वाचून ए मागवेल, किंवा रक्तपेढी नवी तपासणी करून ओ म्हणेल आणि प्लाझ्माही ओचा देईल. क्रॉसमॅच, म्हणजे पिशवीतलं आणि रुग्णाचं रक्त आधी एकत्र करून बघणं, केल्याशिवाय लाल पिशवी सोडायची नाही हा नियम आहे आणि तो बऱ्याचदा वाचवतो. पण प्लाझ्माच्या पिशवीला तो अडसर नसतो. शिवाय या मुलांना किरण मारलेलं रक्त लागतं. दुसऱ्याच्या पिशवीतल्या जिवंत पांढऱ्या पेशी त्यांच्या अंगात मूळ धरू नयेत म्हणून. ती सोय तालुक्याला सहसा नसते, ते मोठ्या शहरातून मागवावं लागतं. म्हणून पहिला फोन प्रत्यारोपण केंद्राला.

डिसेंबरात मुलगा परत आला. नवव्या दिवशी हिमोग्लोबिन घसरलं होतं, दोन पिशव्या लागल्या, मग सावरला. फेब्रुवारीच्या रिपोर्टमध्ये निशाणं पूर्ण ओची. वयनी तो कागद घेऊन पुन्हा पडवीत. "लायसनवर आता काय लिवायचा?"

लायसन्सचं सवडीने बघू म्हटलं. आधी पोस्टकार्डाएवढा जाड कागद आणायला सांगितला. म्हातारबाबांचं अक्षर वळणदार, म्हणून मी सांगत गेलो आणि त्यांनी लिहिलं. कार्ड प्लास्टिकमध्ये घालून लायसन्सच्या पुढच्या कप्प्यात बसवलं, काढायला गेलं की आधी तेच हाताला लागेल असं:

'मॅरो प्रत्यारोपण झालेले आहे. मूळ गट ए पॉझिटिव्ह, दात्याचा गट ओ पॉझिटिव्ह. लाल पेशी फक्त ओ. प्लाझ्मा व प्लेटलेट ए किंवा एबी. किरण मारलेलेच रक्त द्यावे. काहीही चढवण्याआधी मागच्या नंबरवर फोन करावा.'